झाकणाआतली खूण

१

सकाळची नमाज झाली, चहाचा कप रिकामा झाला, की रमजानभाई खिडकीपाशी बसकर टाकून बसत. पुढ्यात लाकडी पाट, पाटावर पांढरं फडकं. फडक्यावर एक चिमटा, बारीक पेचकस, डोळ्याला लावायचं भिंग आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्या डब्यात चाळीस वर्षांची घड्याळं होती. घड्याळं म्हणजे कुणाची कमान, कुणाचं चाक, कुणाचा तासकाटा. थोडी अखंडही होती. ती मालकांनी दुरुस्तीला टाकलेली आणि पुन्हा न्यायला न आलेली.

पौडच्या बाजारात त्यांचं दुकान होतं. दोन माणसं बसली की तिसऱ्यानं बाहेर उभं राहायचं, एवढंच. आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात. दुकान गेलं, तरी हात काही जात नाहीत. ते सारखं काहीतरी मागत राहतात. म्हणून गेल्या उन्हाळ्यापासून रमजानभाईंनी नाद घेतला होता, की डब्यातल्या मोडक्या घड्याळांचे भाग जुळवून एक नवं मनगटी घड्याळ करायचं. चावीचं. सेल नको, काही नको. रोज एकदा चावी द्यायची आणि त्यानं चालायचं.

डायल तर छानच मिळाली होती. शमाबीच्या पेटीत, तळाशी, एका रुमालात बांधलेली. सायीच्या रंगाची, चाराच्या आकड्यापाशी गंजाचा एक ठिपका. तिच्यासोबत बायकी पट्टाही होता, अरुंद, तपकिरी. शमाबीला जाऊन दोन वर्षं झाली होती. तिनं हे का बांधून ठेवलं असेल, हा विचार रमजानभाईंच्या मनात आला नाही. जुनं काही टाकायचं नाही ही तिची खोडच होती.

रमजानभाई शाळेत गेलेले नव्हते. बारापर्यंतचे आकडे त्यांना घड्याळांनी शिकवले आणि पुढचे शमाबीनं. ती चौथी शिकली होती. त्यामुळे दुकानात एक काम तिच्याकडंच असे. घड्याळ उघडून साफ केलं, की पाठीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक सुईनं तारीख कोरायची आणि शेजारी एक आडवी रेघ. सगळेच कारागीर अशी काहीतरी खूण करतात. मालकाला ती कधी दिसत नाही, पुढच्या कारागिराला दिसते. घड्याळ कधी न्यायला यायचं ते ठरलं, की ती तारीखही शमाबी आधीच कोरून ठेवायची आणि शेजारी गोल काढायची. गोल म्हणजे त्या दिवशी घड्याळ मालकाच्या हातात गेलंच पाहिजे.

"तुमी सगळ्यांना उद्या या, उद्या या म्हणता," ती म्हणायची. "आता कोरलंय मी. पुसून दावा."

कोरून झालं, की सुईच्या टोकावरचा चुरा झाडायला ती पाटावर सुई दोनदा आपटायची. टक, टक. तेवढं वाजलं, की ते काम संपलं.

२

ऑक्टोबरात घड्याळ अडलं. आत ते एक चाक असतं, इकडून तिकडं डोलणारं. त्याच्या डोलण्यावरच घड्याळाचा सगळा जीव. ते दोनदा डोले आणि आडवं पडे. रमजानभाईंनी तीन दिवस खटपट केली. एक डोळा मोतीबिंदूनं धुरकट, उजवा हात थरथरता. चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी झाकण नुसतं दाबून बसवलं, धूळ बसू नये म्हणून घड्याळावर काचेचा पेला पालथा घातला आणि ते बाजारात मीठ आणायला गेले.

परत आले तर पेल्याखाली घड्याळ चालू होतं.

ते पिशवी हातात धरूनच उभे राहिले. टिकटिक स्वच्छ होती, न अडखळणारी. अशी टिकटिक त्यांच्या हातून गेल्या दहा वर्षांत निघाली नव्हती. कधीकधी धक्क्यानं चाक सुटतं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. रस्त्यावरून डंपर जातात, घर हादरतं. मग ते खाली बसले, भिंग लावलं आणि झाकण उघडलं.

आत ताजी खूण होती. ११।१०, आणि शेजारी आडवी रेघ.

आज अकराच तारीख होती. कोरलेली जागा अजून चमकत होती. तीन एक होते आणि तिन्हींच्या शेपट्या खाली लांब ओढलेल्या. शमाबीच्या एकाची शेपटी अशीच असायची. मास्तरांनी मारूनही सुटली नव्हती, असं ती सांगे.

संध्याकाळी अल्मासचा फोन आला. अल्मास म्हणजे लेकीची लेक. हिंजवडीत कंपनीत होती आणि जांब्याला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची.

"नाना, तुम्हीच केलं असणार आणि विसरलात," ती म्हणाली. "परवा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत होतात ना?"

"व्हय, तसंच आसंल."

"आणि ते घड्याळ माझं आहे हं. सगळ्यांना सांगून ठेवलंय मी, माझे नाना हातानं घड्याळ बनवतायत म्हणून."

"तुजंच हाय गं. दुसरं कोन घालनार हाय?"

फोन ठेवून त्यांनी एका मोडक्या झाकणावर स्वतः रेघ काढून पाहिली. ती नागमोडी झाली, मुंगी दारू पिऊन चालावी तशी. मग ते स्वयंपाकघरात गेले. दाराला निळा पडदा होता, शमाबीनं जुन्या साडीचा शिवलेला. आत फळीवर दोऱ्याच्या रिळात तिची सुई खोचलेली होती. दोन वर्षं तिला कुणी हात लावला नव्हता. रमजानभाईंनी ती खिडकीच्या उजेडात धरली. टोकाला पितळेचा बारीक चुरा चिकटला होता.

त्यांनी सुई होती तिथं परत खोचली. अगदी तशीच, तितकीच तिरपी.

३

त्यानंतर दिवस बरे गेले. खोटं कशाला बोला, रमजानभाईंना सोबत झाल्यासारखं वाटू लागलं. काही अडलं, की ते घड्याळ पेल्याखाली ठेवून जरा ओट्यावर जाऊन बसत. कधी आत टक, टक वाजे, कधी वाजत नसे. वाजलं की ते लगेच उठत नसत. तिला कामात कुणी डोकावलेलं आवडत नसे.

महिनाअखेरीला मिनिटकाटा हवा होता. डब्यात कोळवणच्या हैबतरावांचं घड्याळ होतं, अकरा वर्षांपूर्वी टाकलेलं. सव्वीस तारखेला रमजानभाईंनी ते काढलं. दुसऱ्याच्या घड्याळातलं काही घेण्याआधी ते पुटपुटून मालकाची परवानगी घेत, तशी घेतली, आणि झाकण उघडलं.

२८।१०. शेजारी गोल.

काटा न काढताच त्यांनी झाकण लावलं. म्हातारा हैबतराव घड्याळ न्यायला येणार म्हणायचं. येऊ दे बापडा. पण परवाचीच तारीख कशी ठरली आणि कुणाशी ठरली, हे काही त्यांच्या ध्यानात येईना.

एकोणतीसला तुळजाबाई दारात आली. कोळवणहून सकाळच्या एसटीनं येऊन ती भाजी विकायची. पाटी खाली ठेवून तिनं पाणी मागितलं.

"तुमचं एक गिऱ्हाईक कमी झालं बगा, रमजानभाई. हैबतराव गेलं."

"कवा?"

"काल दुपारी. भात कापनी चालू हाय न्हवं त्यांची. मानसं खाली वाफ्यात, अन् म्हातारं बांधावर आंब्याखाली बसल्यालं. सून भाकरी घेऊन गेली तर हे आसं." तुळजाबाईनं डावं मनगट पुढं केलं. "हात आसा फुडं धरलेला. जनू कोनी पट्टा बांधतंय. बसल्या जागी गेलं, पर हात काय खाली येईना. लई शांत गेलं पर. तोंडावर हसू."

रमजानभाईंची नजर पाटावरच्या डब्याकडं गेली.

"अकरा वर्सं घड्याळ ठिवून घेतलंत तुमी त्याचं. आता काय वर पोचवनार व्हय?" असं म्हणून तुळजाबाई हसली, मग तिला त्यांचा चेहरा दिसला. "रागावू नगा. मेथी घ्या, कवळी हाय."

ती गेल्यावर त्यांनी डबा फडक्यावर पालथा केला. चाकं, कमानी, काटे, सगळं वेगवेगळं करून पाहिलं. हैबतरावांचं घड्याळ त्यात नव्हतं.

४

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात घड्याळ पुरं झालं. आठ तारखेच्या शनिवारी अल्मास स्कूटीवरून आली. तिनं ते मनगटावर बांधलं. दुसऱ्या भोकात पट्टा नीट बसला.

"नाना, कसलं भारी आहे हे! हे तिसरं भोक कुणी पाडलं पण? वाकडंच आहे."

रमजानभाईंनी पाहिलं. दोन भोकं कारखान्याची होती. तिसरं हातानं टोच्यानं पाडलेलं, जरा आत. काम त्यांचंच होतं. कधी पाडलं ते आठवेना.

"आसंल कुनाची तरी बारीक मनगटं," ते म्हणाले. "ठिव अजून. चार दिस येळ बगतो, मागंफुडं हुतंय का, मग घिऊन जा."

रविवारी ती गेली. तिची स्कूटी वळणाआड दिसेनाशी होते न होते तोच आतून आवाज आला. टक, टक.

या वेळी रमजानभाई पटकन उठले. झाकण उघडलं. जुन्या रेघांच्या खाली नवी खूण होती. १४।११. शेजारी गोल, नीट मिळवलेला, कुठंही उघडा न राहिलेला.

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. चौदा म्हणजे येता शुक्रवार. आणि या घड्याळाचा मालक कोण, ते त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. तुजंच हाय गं. दुसरं कोन घालनार हाय?

हिंजवडीचा रस्ता त्यांच्या डोळ्यांपुढं आला. ते डंपर, त्या कंपन्यांच्या बसगाड्या, आणि त्यांच्या मधून ती एवढीशी स्कूटी.

"शमा," ते पडद्याकडं तोंड करून म्हणाले, "पोरगी हाय ती आपली. चोवीस वर्सांची हाय. ही तारीख पूस."

त्यांनी स्वतः पेचकसाच्या टोकानं खूण खरवडायला घेतली. सकाळपर्यंत खरवडलेल्या जागेच्या शेजारी तीच तारीख आणि तोच गोल पुन्हा आला होता, आधीपेक्षा खोल.

पुसून दावा.

सोमवारी, मंगळवारी त्यांनी खूप डोकं चालवलं. मग त्यांना एक वाट दिसली. मालक बदलायचा. बुधवारी आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून ते पाटापाशी बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "हे घड्याळ माजं हाय. मी केलं, मीच घालनार. ज्याला न्यायचं त्यानं मला न्यावं." त्यांच्या आवाजात रुसवा नव्हता. पंचाहत्तरी जवळ आली होती आणि खरं सांगायचं तर त्यांची तयारी होती.

पण पट्टा काही त्यांच्या मनगटाला पुरेना. पहिलं भोकही कडीच्या काट्यापर्यंत पोचेना. बोटभर कमीच पडत होता.

मग त्यांनी अल्मासला फोन केला आणि जन्मात न केलेली गोष्ट केली. ते खोटं बोलले.

"छातीत जरा धरल्यावानी वाटतंय. तू उद्या हिकडं येशील का? शुक्रवारचा दिस ऱ्हा. स्कूटी नगं आनू, एसटीनं ये."

"नाना, डॉक्टरकडे जाऊ या आत्ताच."

"डाक्टर नगं. तू ये."

५

शुक्रवारी अल्मास पुढच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसली. कानात ते यंत्र घालून कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होती. मधूनमधून मान वळवून नानांकडं बघत होती. रमजानभाईंनी बाहेरच्या दाराला कडी घातली होती. गॅसचं बटण दोनदा पाहिलं होतं. ते जुम्म्याच्या नमाजलाही गेले नाहीत. त्यांनी पडद्याच्या अलीकडं खुर्ची टाकली, पोरीकडं पाठ आणि पडद्याकडं तोंड. मध्ये आपण. घड्याळ त्यांच्या मुठीत होतं. सकाळी त्याला पुरी चावी दिली होती. तेवढी सवय हाताला होतीच.

दोन वाजले असतील. स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याचं झाकण सरकलं.

मांजर असेल, असं त्यांचं मन म्हणालं. मग तेच मन म्हणालं, मांजर तर ओट्यावर ऊन खातंय, मघाशीच पाहिलं.

अनवाणी पावलं आली. डावा पाय जरा घासत, शमाबी चालायची तशी. पडद्यापाशी थांबली. पडदा फुगला नाही, हलला नाही. खाली फरशीवर मात्र सावली पडली, आणि त्या बाजूला खिडकी नव्हती.

"पोरीला हात लावू नगंस," रमजानभाई हळू आवाजात म्हणाले. "मी हाय की."

पडद्याच्या कडेनं एक हात बाहेर आला. मनगटापर्यंतच. आधी पालथा, मग सावकाश उताणा झाला. शमाबीच्या गावाकडच्या जुन्या बायका अशाच घड्याळ घालत, डायल आतल्या बाजूला, म्हणजे काम करताना काच फुटत नाही. अंगठ्याखाली तव्याचा जुना चटका होता, अर्ध्या चंद्रासारखा. बोटांना पीठ लागलेलं.

आणि तेव्हा त्यांना तो टोच्या आठवला.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दुकानात डबाभर डायली आल्या होत्या आणि तिनं त्यातली सायीच्या रंगाची एक उचलली होती. हिचं मला करा. करतो की, ते म्हणाले होते. तिथल्या तिथं पट्टा तिच्या मनगटावर धरून त्यांनी माप घेतलं होतं. दोन्ही भोकांत सैल झाला, म्हणून टोच्यानं तिसरं पाडलं होतं. मग गिऱ्हाईक आलं. मग उद्या. मग पोरं झाली, दुकानाचं छप्पर उडालं, दुसऱ्यांची घड्याळं चालत राहिली. तिनं पुन्हा विषय काढला नाही. रुमालात बांधून ठेवलं.

सगळ्यांच्या तारखा तिनं कोरल्या. तिची स्वतःची तारीख कुणी कोरली नव्हती.

रमजानभाईंनी घड्याळ त्या मनगटावर धरलं. कातडी गार नव्हती, ऊनही नव्हती. माठाखालच्या वाळूसारखी होती, ओलसर आणि जड. त्यांची बोटं कडी चाचपत राहिली. मनगट मात्र जराही हललं नाही, वाट बघत राहिलं. पट्ट्याचं टोक त्यांनी कडीतून ओढलं, पहिलं भोक सोडलं, दुसरं सोडलं. तिसऱ्यात काटा बसला.

मान वर करायची त्यांना फार इच्छा झाली. पडद्याच्या फटीतून वर, चेहऱ्याच्या उंचीला, काहीतरी फिकट असं होतं, आणि ते त्यांच्याकडं वाकून बघत होतं. पण शमाबी एवढी उंच नव्हती. त्यांनी मान खालीच ठेवली.

हात आत गेला.

"नाना?" अल्मासनं कानातलं यंत्र काढलं. "कुणाशी बोलताय?"

"गिऱ्हाईक आलं व्हतं गं."

"घरात?"

"गेलं. आपलं घिऊन गेलं." त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. अल्मास जवळ आली, तिनं त्यांच्या छातीवर हात ठेवला. त्यांनी तो हात धरून ठेवला. ऊन, तरुण, नखांना रंग लावलेला हात.

"आणि माझं घड्याळ?"

"तुला दुसरं करतो. हे तुजं न्हवतंच, बाळ. मीच इसरलो व्हतो."

६

शनिवारी सकाळी अल्मास एसटीनं जांब्याला गेली. पोचल्याचा तिचा फोन आला तेव्हा रमजानभाईंनी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. पोरगी सुखरूप होती. तारीख उलटून गेली होती. त्यांनी दोन भाकऱ्या टाकल्या, खाल्ल्या आणि भांडी घासली.

घासता घासता त्यांना ते ऐकू आलं. आधी त्यांना वाटलं, कानातच आहे. नळ बंद केला. टिकटिक. फळीच्या मागून नाही, भिंतीतून नाही. स्वयंपाकघरात त्यांच्याबरोबर उभी असल्यासारखी. ते गॅसपाशी गेले, की ती दारापाशी. ते दारापाशी, तर ती मोरीपाशी.

त्यांना बरं वाटलं. आपण केलेलं घड्याळ चालतंय, आणि जिचं तिच्या हातावर चालतंय.

दुपारी त्यांच्या ध्यानात आलं. कमान जुनी होती. एकदा पुरी चावी दिली, तर फार फार तर एक दिवस आणि वर सात-आठ तास. काल सकाळी आठला त्यांनी चावी दिली होती.

आणि शमाबी घड्याळाला चावी देत नसे. दुकान नवं असताना एकदा तिनं पाटलांच्या घड्याळाची कमान पिळून तोडली होती. तेव्हापासून तिनं कधीच कुठल्या चावीला हात लावला नाही. घड्याळ घेऊन यायची, हात पुढं करायची. "चावी तुमीच द्या," म्हणायची. "माज्या हातात लई जोर हाय."

तीनच्या सुमाराला टिकटिक संथ झाली. एक ठोका, मग थांबून दुसरा. रमजानभाई उठले. त्यांनी खुर्ची काल होती तिथंच, पडद्याच्या अलीकडं ओढली. आता पाठीमागं कुणी नव्हतं. काल मध्ये बसायला एक कारण होतं. आज नुसते ते होते आणि पडदा होता.

फोन वाजला. अल्मास होती.

"नाना, जेवलात ना? छाती कशी आहे?"

"बरी हाय."

"काय करताय?"

"चावी द्यायची हाय एका घड्याळाला. रोजचंच हाय आता हे."

"मग नंतर करते फोन."

"नंतर कर."

टिकटिक थांबली. घर इतकं गप्प झालं, की बाहेर एसटीचा कंडक्टर कोळवण, कोळवण ओरडत होता तेही आत ऐकू आलं. डावा पाय घासत अनवाणी पावलं पडद्यापाशी आली. फरशीवर सावली पडली. कालच्यापेक्षा लांब होती, खुर्चीच्या पायापर्यंत आली होती.

रमजानभाईंनी अंगठा आणि पहिलं बोट सदऱ्याला पुसलं, मान खाली घातली आणि हात पुढं केला.

"ये," ते म्हणाले. "हळूच देतो."